प्लॅनमध्ये काय दिसावं, काय नको: रेव्हिटवर नव्यानं बसणाऱ्यांसाठी

रेव्हिटवर, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवून त्यातून ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरवर, नवा माणूस काम करून गेलाय का, हे फाइलमधल्या वॉर्निंग उघडल्या की कळतं. एकाच जागी एकावर एक बसलेल्या दोन खिडक्या, दोन वॉश बेसिन, कधी दोन भिंतीसुद्धा. कारण बहुतेक वेळा एकच असतं. प्लॅनमध्ये वस्तू दिसली नाही, म्हणजे काढायची राहिली असं समजून त्यानं ती पुन्हा काढली. याच्या उलटा प्रकारही तितकाच नेहमीचा. सँक्शनच्या, म्हणजे महापालिकेच्या मंजुरीच्या, प्लॅनमध्ये फर्निचर नको होतं म्हणून ते सरळ डिलीट केलं, आणि दुपारी मार्केटिंगवाल्यांचा फोन आला की ब्रोशरमधला सोफा कुठं गेला.

दोन्हींच्या मुळाशी ऑटोकॅडची सवय आहे. तिथं प्लॅन म्हणजे रेघा. रेघ पुसली की विषय संपला. रेव्हिटमध्ये इमारत एकच असते आणि प्लॅन ही त्या इमारतीकडे बघायची फक्त एक खिडकी, रेव्हिटच्या भाषेत ‘व्ह्यू’. वस्तू असणं वेगळं, दिसणं वेगळं. तसंही रेव्हिट २००० साली दुसऱ्याच कंपनीनं बाजारात आणलं आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कनं ते विकत घेतलं, त्यामुळे त्यात ऑटोकॅडचे लेयर शोधत बसू नका. ते नाहीत.

पुढचं सगळं समजायला एक उदाहरण धरून चालू. कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट आहे. खाली पार्किंग, वर टिपिकल मजले, प्रत्येक फ्लॅटला ड्राय बाल्कनी. एकाच मजल्याचे किमान तीन प्लॅन लागणार: महापालिकेच्या मंजुरीसाठी १:१०० चा, साइटवर जाणारा १:५० चा वर्किंग प्लॅन, आणि ब्रोशरसाठी फर्निचर मांडलेला. शिवाय जुनी इमारत दाखवणारा एक वेगळा.

आधी व्ह्यू वेगळे करा

पहिलं काम हेच. प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये पहिल्या मजल्याच्या प्लॅनवर राइट क्लिक करून डुप्लिकेट व्ह्यू घ्या. तीन पर्याय येतात. नुसतं ‘डुप्लिकेट’ केलं तर इमारत येते, पण डायमेन्शन, टॅग, टेक्स्ट येत नाही. ‘विथ डिटेलिंग’ केलं तर तेही येतं. तिसरा ‘डिपेन्डन्ट’. हा मूळ व्ह्यूला बांधलेला असतो, मोठा मजला दोन शीटवर तोडायचा असेल तेव्हा वापरायचा. सँक्शन आणि वर्किंगसाठी डिपेन्डन्ट घेऊ नका, कारण मूळ व्ह्यूत काही लपवलं की इथंही लपतं.

नावं लगेच द्या. ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ अशी नावं ठेवलेली फाइल आठवड्यानं उघडली की स्वतःलाच शिव्या द्याव्या लागतात. ‘सँक्शन – पहिला मजला’, ‘वर्किंग – पहिला मजला’ एवढं पुरे.

व्ह्यू रेंज: इथं घाई करू नका

न दिसण्याच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा इथंच सुटतात, म्हणून यावर वेळ घालवू.

प्लॅन म्हणजे इमारत एका उंचीवर आडवी कापून वरून खाली बघणं. ती उंची म्हणजे कट प्लेन. व्ह्यूच्या प्रॉपर्टीजमध्ये खाली ‘व्ह्यू रेंज’ असतं, तिथं एडिट दाबलं की चार आकडे दिसतात: टॉप, कट प्लेन, बॉटम आणि व्ह्यू डेप्थ. मेट्रिक टेम्प्लेटमध्ये साधारणपणे टॉप २३००, कट १२००, आणि बॉटम व डेप्थ दोन्ही शून्य असतात. हे आकडे मिलिमीटरमध्ये, त्या लेव्हलपासून (मजल्याच्या पातळीपासून) मोजलेले असतात. डेप्थ कधीच बॉटमच्या वर जाऊ शकत नाही आणि कट टॉप-बॉटमच्या मध्येच असावा लागतो. चुकलं तर रेव्हिट तिथंच अडवतं.

कटवर जे सापडतं ते जाड रेघेनं आणि हॅचसह (आत भरलेल्या रेघांसह) येतं. कटच्या खाली, बॉटमपर्यंत जे आहे ते बारीक रेघेनं. बॉटमच्या खाली व्ह्यू डेप्थपर्यंत जे आहे ते ‘बियॉन्ड’ नावाच्या लाइन स्टाइलनं. कटच्या वरचं साधारणपणे दिसतच नाही.

आता आपल्या फ्लॅटमध्ये या. टॉयलेटचा व्हेंटिलेटर सिल (खालची कड) १५०० आणि लिंटेल (वरची कड) २१०० ला आहे. कट १२०० ला. त्या उंचीला भिंत अखंड आहे, म्हणून ओपनिंग कापलेलं येत नाही. खिडक्या, केसवर्क (बसवलेली कपाटं) आणि जेनेरिक मॉडेल (कुठल्याच ठरावीक प्रकारात न बसणाऱ्या वस्तू) या तीन कॅटेगरींना रेव्हिट सवलत देतं: त्या कटच्या वर पण टॉपच्या खाली असल्या तरी वरून बघितल्यासारख्या दाखवल्या जातात. पण सँक्शन प्लॅनमध्ये व्हेंटिलेटर जसा हवा, म्हणजे भिंत तुटलेली आणि मध्ये काचेची रेघ, तसा तो या सवलतीतून मिळत नाही. नवखा माणूस अशा वेळी कट उचलून १६०० ला नेतो. व्हेंटिलेटर येतो, पण किचनच्या ओट्यावरची, सिल १०५० आणि डोकं १५०० असलेली बुटकी खिडकी असेल तर ती जाते. एकाचं भागवायला दुसऱ्याचं काढून घ्यायचं नाही.

उपाय आहे प्लॅन रीजन. व्ह्यू टॅबवर, प्लॅन व्ह्यूजच्या यादीत तो मिळतो. टॉयलेटच्या त्या भिंतीभोवती बंद चौकोन काढायचा, आणि फक्त त्या चौकोनाला वेगळी व्ह्यू रेंज द्यायची: कट १६००. बाकी मजला १२०० लाच राहतो. दोन रीजन एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत, कडेला कड लागली तर चालते. रीजनची तुटक रेघ प्लॅनमध्ये दिसत राहते, ती व्हिजिबिलिटी ग्राफिक्सच्या (व्ह्यूत काय दिसावं ते ठरवणारी खिडकी, पुढे येईल) ॲनोटेशन टॅबमधून बंद करा. मात्र काम चालू असेपर्यंत ती चालूच ठेवा. नाहीतर महिन्याभरानं दुसरा कोणी त्या भिंतीत दरवाजा टाकेल आणि तो असा का दिसतोय याचा शोध घेत बसेल.

टॉयलेटच्या सन्क स्लॅबचं उलटं आहे. तो २०० किंवा ३०० खाली गेलेला असतो, बॉटम शून्यावर, तरी दिसतो. कारण फ्लोअर, जिना, रॅम्प आणि फ्लोअरवर बसलेल्या वस्तू बॉटमच्या खाली साधारण १.२ मीटरपर्यंत असल्या तरी रेव्हिट दाखवतं. त्यामुळे ड्राय बाल्कनीचा ड्रॉप दाखवायला बॉटम हलवायची गरज नसते. पण सन्कमधले पाइप या सवलतीत बसत नाहीत. प्लंबिंगच्या प्लॅनमध्ये ते हवे असतील तर त्या प्लॅनची डेप्थ, किंवा बॉटम आणि डेप्थ दोन्ही, खाली घ्या, फक्त त्याच प्लॅनची.

तिसरी गंमत कंपाउंड वॉलची. भिंत १५०० उंच, कट १२०० ला, म्हणजे भिंत कापली जायला हवी आणि हॅच यायला हवा. येत नाही. रेव्हिटचा नियम असा की २ मीटरपेक्षा बुटकी भिंत कटला लागली तरी कापलेली दाखवायची नाही. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही, इन्स्टॉल पुन्हा करू नका. टेरेसचा पॅरापेट तर कटच्या खालीच असतो, तो बारीक रेघेनं येतो आणि तसाच यायला हवा.

बावधन-सूसकडच्या उताराच्या प्लॉटवर बंगला असेल, एक भाग दीड मीटर खाली गेलेला, तर तिथंही प्लॅन रीजनच कामाला येतो. खालच्या भागाला कट, बॉटम आणि डेप्थ तिन्ही तेवढ्यानं खाली द्यायचे. सगळ्या प्लॅनची रेंज ताणली तर वरच्या भागाखालचं जोतं आणि भरावही दिसायला लागतो, आणि मग तो लपवण्यात दिवस जातो.

वरचं तुटक रेघेनं दाखवायचंय

पार्किंगच्या प्लॅनमध्ये वरच्या इमारतीची कड डॉटेड दाखवायची पद्धत आहे. ती कटच्या कितीतरी वर. नवखा माणूस डिटेल लाइननं ती हातानं काढतो. दिसायला बरोबर, पण उद्या बाल्कनी ३०० नं वाढली की रेघ जुन्याच जागी राहते आणि गाड्यांचं गणित चुकतं.

त्यापेक्षा पार्किंगच्या प्लॅनच्या प्रॉपर्टीजमध्ये अंडरलेची बेस लेव्हल पहिला मजला करा. वरचा मजला फिकट दिसू लागेल. मॉडिफाय टॅबवरचं लाइनवर्क घ्या, लाइन स्टाइल ‘ओव्हरहेड’ निवडा, स्लॅबच्या कडांवर क्लिक करा, आणि अंडरले पुन्हा ‘नन’ करा. बाकी सगळं जाईल, तेवढ्या कडा डॉटेड राहतील. त्या स्लॅबला बांधलेल्या असतात, स्लॅब सरकला की सरकतात.

जिन्याचं मात्र रेव्हिट स्वतःहून करतं, आणि जास्तच करतं. कटच्या वरच्या पायऱ्या, रेलिंग सगळं डॉटेड येतं आणि जिन्याचा डबा रेघांनी भरून जातो. व्हिजिबिलिटी ग्राफिक्समध्ये स्टेअर्स उघडा. आत ‘अबव्ह’ असं लिहिलेल्या उपकॅटेगरी आहेत, त्यांच्या टिका काढा. रेलिंगमध्येही तेच करा. १:१०० ला हे केल्याशिवाय जिना वाचता येत नाही.

व्हिजिबिलिटी ग्राफिक्स आणि लपवालपवी

कीबोर्डवर व्ही आणि जी दाबलं की ही खिडकी उघडते. मॉडेलच्या कॅटेगरी, ॲनोटेशन, इम्पोर्ट केलेली कॅड फाइल, फिल्टर, लिंक, असे टॅब. सँक्शन प्लॅनमध्ये फर्निचर, प्लांटिंग (झाडं), एन्टुराज (माणसं, गाड्या वगैरे सजावट) यांच्या टिका काढा. वर्किंगमध्ये फर्निचर ठेवायचं तर हाफटोन (फिकट) करा. सर्व्हेअरची फाइल लिंक केली असेल तर ती इम्पोर्टच्या टॅबमध्ये लेयरसकट दिसते, कंटूर ठेवून नको ते बंद करता येतं. हे सगळं सोपं आहे, दोनदा उघडलं की हात बसतो.

अवघड आहे ते हातानं लपवणं. तात्पुरतं लपवणं आणि कायमचं लपवणं यात लोक घोटाळा करतात. एच-एच दाबलं की निवडलेली वस्तू तात्पुरती जाते, व्ह्यूभोवती निळसर चौकट येते, एच-आर दाबलं की सगळं परत. एच-आय म्हणजे फक्त निवडलेलंच ठेवायचं. ही काम करताना वाटेतलं बाजूला सारायची सोय आहे, फाइल बंद झाली की ती उरत नाही. प्रिंटसाठी हिच्यावर विसंबू नका.

ई-एच दाबलं तर वस्तू त्या व्ह्यूतून कायमची लपते. नंतर ती कुठं गेली हे सांगणारी कुठलीच खूण प्लॅनवर राहत नाही, आणि म्हणूनच माझ्या मते नव्या माणसानं पहिले काही महिने ई-एच वापरूच नये. एखादी एकटी वस्तू नको असेल तर ती नको का आहे याचं काहीतरी कारण असतंच. त्या कारणाचा फिल्टर करता येतो. हातानं लपवलेल्या गोष्टी पुढच्या मजल्याच्या प्लॅनमध्ये पुन्हा उगवतात, आणि बारा मजले असतील तर बाराही ठिकाणी लपवत बसावं लागतं.

लपवलेलं शोधायला खालच्या पट्टीवरचा बल्ब दाबा, किंवा आर-एच. व्ह्यूला किरमिजी चौकट येते आणि लपवलेल्या वस्तू त्याच रंगात उजळतात. वस्तू निवडा, ई-यू दाबा, परत आली. कॅटेगरीच बंद असेल तर व्ही-यू. दुसऱ्या कुणाची फाइल ताब्यात घेतली की प्रत्येक शीटवरच्या व्ह्यूत एकदा बल्ब लावून बघायची सवय ठेवा. काय काय निघतं ते बघून करमणूक होते.

फिल्टर

समजा वर्किंग प्लॅनमध्ये १५० ची बाहेरची भिंत आणि १०० ची आतली भिंत वेगळ्या हॅचनं दाखवायची आहे, आणि आरसीसी भिंत गडद. एकेक भिंत निवडून ओव्हरराइड करत बसलात तर भिंत बदलली की सगळं पुन्हा.

व्हिजिबिलिटी ग्राफिक्सच्या फिल्टर टॅबवर नवा फिल्टर बनवा. कॅटेगरी: वॉल्स. नियम: टाइपच्या नावात ‘१५०’ असेल तर, किंवा फंक्शन ‘एक्स्टिरिअर’ असेल तर. मग त्या फिल्टरला या व्ह्यूत कट पॅटर्न द्या. टिक काढली तर त्या सगळ्या भिंती जातात. ब्रोशरमध्ये कॉलम वेगळे न दाखवता भिंतीच्याच रंगात मिसळायचे असतात, तेही फिल्टरनं होतं.

यासाठी एक पूर्वतयारी लागते: भिंतींची नावं नीट हवीत. ‘जेनेरिक २००’ला डुप्लिकेट करून ‘जेनेरिक २०० टू’ असं नाव असलेल्या फाइलमध्ये फिल्टर कशावर लावणार? ऑफिसमध्ये नावांची पद्धत ठरलेली नसेल तर ती ठरवायला लावा. नवीन माणसानं हे बोलणं जरा धाडसाचं आहे, पण बोला.

कुणाचं चालतं, याचाही क्रम आहे. ऑब्जेक्ट स्टाइलवर, म्हणजे पूर्ण प्रोजेक्टच्या मूळ सेटिंगवर, व्ह्यूच्या कॅटेगरीचं सेटिंग भारी पडतं, त्यावर फेजचं (जुनं-नवं बांधकाम, पुढे येतं), त्यावर फिल्टरचं, आणि सगळ्यांवर एकेका वस्तूला हातानं दिलेलं ओव्हरराइड. फिल्टर लावूनही एखादी भिंत रंग बदलत नसेल तर कुणीतरी तिला हातानं रंगवून ठेवलेली असते.

हा क्रम फक्त रंग-रेघांना लागू. दिसणं-न दिसणं यात क्रम नसतो. ते सरकारी फाइलसारखं आहे: सात टेबलांवर सह्या झाल्या आणि आठव्यानं अडवली तर फाइल अडलीच. रेंज, कॅटेगरी, फिल्टर, फेज, वर्कसेट (अनेकांनी मिळून काम करताना मॉडेलचे पाडलेले गट), यातल्या एकानं जरी नाही म्हटलं तरी वस्तू दिसत नाही, मग बाकीच्यांनी कितीही हो म्हटलेलं असो. म्हणून कॅटेगरीला टिक आहे हे पाचपाचदा बघून काही उपयोग नसतो. दुसरं टेबल बघा.

जुनी इमारत आणि नवी इमारत

पुण्यात रिकाम्या प्लॉटवरची कामं कमी आणि पाडून बांधायची किंवा वाढवायची जास्त, पेठांमधल्या वाड्यांपासून सोसायट्यांपर्यंत. त्यामुळे फेज समजलाच पाहिजे. इथल्या नियमांत पाडायचं बांधकाम पिवळ्या रेघांनी आणि प्रस्तावित लाल रंगात दाखवायची रीत आहे. जुन्या इमारतीसाठी वेगळी फाइल आणि वेगळे रंग असं करू नका, फेज ते आपोआप करतो.

रेव्हिटमध्ये सुरुवातीला दोन फेज मिळतात, एक्झिस्टिंग आणि न्यू कन्स्ट्रक्शन. प्रत्येक वस्तूला ती कुठल्या फेजमध्ये आली आणि कुठल्या फेजमध्ये पाडली हे दोन रकाने असतात. प्रत्येक व्ह्यूलाही दोन रकाने: फेज आणि फेज फिल्टर. व्ह्यूचा फेज म्हणजे आपण कुठल्या काळात उभे आहोत. फिल्टर म्हणजे मागचं-पुढचं काय बघायचं.

जुन्या इमारतीचा प्लॅन: फेज एक्झिस्टिंग. पाडायचं आणि नवं एकत्र दाखवणारा: फेज न्यू कन्स्ट्रक्शन, फिल्टर ‘शो ऑल’, कारण त्यात जुनं, पाडलेलं, नवं सगळं येतं. अंतिम प्लॅन: ‘शो कम्प्लीट’. रंग मॅनेज टॅबवरच्या फेजेसमध्ये, ग्राफिक ओव्हरराइड्सच्या पानावर एकदाच ठरवायचे: डिमॉलिश्डला पिवळा, न्यूला लाल. पाडायची भिंत डिलीट करायची नाही, हातोड्याच्या टूलनं तिच्यावर क्लिक करायचं.

एक सापळा सांगून ठेवतो. नवी वस्तू त्या वेळी उघड्या असलेल्या व्ह्यूचा फेज घेते. एक्झिस्टिंगच्या प्लॅनमध्ये बसून नव्या भिंती काढल्या तर त्या जुन्या म्हणून नोंदल्या जातात, आणि सँक्शनच्या प्लॅनमध्ये लाल यायच्याऐवजी जुन्यासारख्या येतात. त्या निवडून प्रॉपर्टीजमध्ये ‘फेज क्रिएटेड’ बदला, पुन्हा काढू नका.

टेम्प्लेट

एका मजल्याचा सँक्शन प्लॅन मनासारखा झाला की त्याच्यावरून व्ह्यू टेम्प्लेट बनवा आणि बाकी मजल्यांच्या सँक्शन प्लॅनना जोडा. व्ह्यू टॅबवर, व्ह्यू टेम्प्लेट्सखाली ‘क्रिएट टेम्प्लेट फ्रॉम करंट व्ह्यू’. स्केल, डिटेल लेव्हल, कॅटेगरी, फिल्टर, फेज फिल्टर, सगळं त्यात बसतं. ज्याच्यासमोर ‘इन्क्लूड’ची टिक आहे तेवढंच टेम्प्लेट ठरवतं. व्ह्यू रेंजची टिक मी शक्यतो काढून ठेवतो, कारण पार्किंगची आणि टेरेसची रेंज टिपिकल मजल्यासारखी नसते.

जोडणं आणि लावणं यात फरक आहे. ‘अप्लाय’ केलं तर सेटिंग एकदा उतरतात आणि संबंध संपतो. प्रॉपर्टीजमधून नेमलं तर व्ह्यू कायमचा बांधला जातो आणि टेम्प्लेटमधला बदल सगळ्या मजल्यांवर एकदम होतो. बांधलेल्या व्ह्यूत ते पर्याय फिकट होतात, आणि ‘माझं व्हिजिबिलिटी ग्राफिक्स चालत नाही’ ही तक्रार जन्माला येते. चालतं; पण बदल टेम्प्लेटमध्ये करायचा असतो. तो करण्याआधी विचारा, कारण तुमच्या एका टिकेनं सगळ्या शीट बदलणार आहेत. थोडा वेळ वेगळं बघायचं असेल तर खालच्या पट्टीवर ‘टेम्पररी व्ह्यू प्रॉपर्टीज’ आहे, ते वापरा.

काही हटवादी प्रकरणं

सोसायटीला टीडीआर (विकत घेऊन वापरता येणारा जादा बांधकामाचा हक्क) मिळतो, दोन मजले वाढतात, तुम्ही नव्या लेव्हल टाकून प्लॅन उघडता आणि ग्रिड गायब. ग्रिड ही वरपासून खालपर्यंत उभी असलेली पातळी आहे; ती जिथपर्यंत उंच आहे तिथपर्यंतच्याच मजल्यांवर दिसते. एलिव्हेशनमध्ये जाऊन ग्रिडचं वरचं टोक नव्या लेव्हलच्या वर ओढा. कॉपी करून नव्या ग्रिड टाकल्या तर नावं बदलतात आणि आरसीसीवाल्यांशी भांडण होतं.

आरसीसी कन्सल्टंटची फाइल लिंक केली की कॉलम दोनदा दिसतात, एक आपला आणि एक त्यांचा. व्हिजिबिलिटी ग्राफिक्सच्या लिंक टॅबवर त्यांच्या फाइलचं डिस्प्ले ‘कस्टम’ करा आणि हवी तीच कॅटेगरी ठेवा. किंवा त्यांनी खास आपल्यासाठी एखादा व्ह्यू तयार ठेवला असेल तर ‘बाय लिंक्ड व्ह्यू’.

व्ह्यूची डिसिप्लिन ‘स्ट्रक्चरल’ झाली तर बिनभाराच्या भिंती दिसत नाहीत, आणि सगळ्या पार्टिशन एकदम गेल्यासारख्या वाटतात. हा धक्का प्रत्येकाला एकदा बसतो. डिसिप्लिन ‘आर्किटेक्चरल’ किंवा ‘कोऑर्डिनेशन’ करा. डिटेल लेव्हल ‘कोर्स’ (coarse, म्हणजे ढोबळ) असेल तर भिंतीचे प्लास्टरसकट थर दिसत नाहीत, तेही याच जातीचं. सेक्शनची खूण एका प्लॅनमध्ये दिसते आणि दुसऱ्यात नाही, तर तिच्या प्रॉपर्टीजमधलं ‘हाइड ॲट स्केल्स कोर्सर दॅन’ बघा.

तरीही दिसत नसेल तर

या क्रमानं जा. मला हा क्रम वेळ वाचवणारा वाटतो, कारण सगळ्यात स्वस्त तपासणी आधी आहे.

१. थ्रीडी व्ह्यू उघडा. वस्तू तिथं आहे का? असेल तर पुन्हा काढायचा विचार सोडा.

२. प्लॅनमध्ये बल्ब लावा. किरमिजी दिसली तर ती कुणीतरी लपवली आहे. नाहीच दिसली तर मामला बहुधा रेंज, क्रॉप, फेज किंवा वर्कसेटचा.

३. थ्रीडीत वस्तू निवडून तिची उंची वाचा, मग व्ह्यू रेंजशी ताडून बघा. अंदाज नको, आकडे बघा.

४. फेज क्रिएटेड आणि फेज डिमॉलिश्ड वाचा. वर्कसेट वाचा; तो बंद आहे का, किंवा ‘व्हिजिबल इन ऑल व्ह्यूज’ची टिक न लावताच बनवलाय का ते बघा. डिझाइन ऑप्शन (एकाच फाइलमधला पर्यायी आराखडा) असेल तर तोही.

५. एवढं होऊन हाती काही लागलं नाही तर त्याच लेव्हलचा नवा, टेम्प्लेट नसलेला प्लॅन काढा. तिथं वस्तू दिसली तर दोष जुन्या व्ह्यूत आहे, आणि दोन व्ह्यूच्या प्रॉपर्टीज शेजारी ठेवून फरक शोधता येतो. तिथंही नसेल तर त्या वस्तूची फॅमिली (तिचा मूळ साचा) एडिट करून आतल्या भागांची व्हिजिबिलिटी सेटिंग बघा. कमोडच्या फॅमिलीत प्लॅनमध्ये दाखवायची टिकच काढलेली सापडते, विशेषतः नेटवरून उतरवलेल्या फॅमिलीत.

बाहेर देताना

पीडीएफ काढताना सेटिंगमध्ये स्कोप बॉक्स, क्रॉपची चौकट (व्ह्यूची कापलेली हद्द) आणि रेफरन्स प्लेन (आखणीच्या मदतीच्या रेघा) लपवायच्या टिका आहेत, त्या लावा. हिरव्या तुटक रेघा साइटवर गेल्या तर साइट इंजिनीअर त्या कशाच्या म्हणून फोन करतो, आणि त्याचं चूक नसतं.

मंजुरीसाठी डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) द्यायची असेल तर लक्षात ठेवा की व्ह्यूत जे दिसतं तेवढंच एक्स्पोर्ट होतं, आणि ते कुठल्या लेयरवर पडायचं हे एक्स्पोर्ट सेटअपच्या लेयर्स टॅबवर ठरतं. लायझनिंगवाल्यांकडून त्यांच्या लेयरची यादी आधीच मागून घ्या, एकदाच भरा आणि सेटअप नाव देऊन सेव्ह करा. एक्स्पोर्ट झालेली फाइल ऑटोकॅडमध्ये उघडून एकेक लेयर बंद-चालू करून बघा. फर्निचरचा लेयर रिकामा आहे आणि प्लॉटची हद्द आलेली आहे, एवढं दिसलं की पाठवा.